विहिरीवरचे जुने इंजिन



आज आम्ही तुम्हाला एका इंजिनाची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट आमच्याच घरची आहे. दिंद्रुडच्या शिवारात आमची थोडी जमीन आहे. जमिनीत विहीर आहे. त्या विहिरीवर आम्ही एकदा जुने इंजिन आणून बसवले. त्या इंजिनाने आम्हाला रडवले. एक दिवस तर घरातला माणूसच गेला असता. तो कसा वाचला आणि आमचे कुठे चुकले, ते ऐका.

इंजिन काही नुसते विहिरीवरच असते असे नाही. पिठाच्या गिरणीला इंजिन असते. ट्रॅक्टरला असते. कोकणात कोळी लोक समुद्रात मासे धरायला जातात, त्यांच्या होडीलाही इंजिन असते. जुने इंजिन घेणारा माणूस सगळीकडे सारखाच फसतो. फरक एवढाच, की कोळ्याचे इंजिन भर समुद्रात बंद पडते आणि आपले भर पिकात.

तुमच्यात जे म्हातारे आहेत, त्यांना १९७२ साल आठवत असेल. पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. माणसांना निदान एवढे तरी मिळाले. जनावरांना चारा कुठला? आमच्या दावणीला चार बैल होते. दोन विकले, दोन मेले.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. विहिरीला पाणी आले. पण मोट ओढायला बैल नव्हते. बैल नाही तर मोट नाही. मोट नाही तर विहिरीतले पाणी विहिरीतच. परळीला १९७१ सालीच विजेचे मोठे केंद्र सुरू झाले होते. पण आमच्या शेतापर्यंत तारा आल्या नव्हत्या. रानात ज्वारी होती आणि गहू होता. ज्वारी ओलीवर निघाली असती. गहू पाण्यावाचून निघत नाही.

आम्ही तिघे भाऊ. थोरल्या भावाला आम्ही दादा म्हणतो. शेजारचे तात्या विहिरीत निम्म्याचे वाटेकरी. चौघे एका जागी बसलो. ठरले की इंजिन घ्यायचे. नव्या इंजिनाएवढा पैसा नव्हता. एका गावात जुने इंजिन विकायला आहे असे कळले. वहिनीने काही न बोलता गळ्यातली बोरमाळ काढून दिली. ती गहाण ठेवली. तात्यांनी आपला वाटा उसना आणला.

इंजिन विकणारा कोण, कुठला, ते सांगत नाही. इंजिन कोणत्या कारखान्याचे, तेही सांगत नाही. कारखान्याचा त्यात दोष नव्हता.

आम्ही दुपारी पोचलो. इंजिन विहिरीवर उभे होते. हिरवा रंग असा चकचकीत, की जणू हळद लागलेला नवरदेव. मालक म्हणाला, "साडेसात घोड्याचं हाय. बगा, एका हॅण्डलला उठतंय."

त्याने हॅण्डल मारले. इंजिन लगेच धडधडायला लागले. पाटात पाणी पडले. दादाने त्या पाण्यात हात घातला आणि त्याचे डोळे भरून आले. दुष्काळात आम्ही असे पाणी पाहिले नव्हते.

मंडळी, तिथेच आम्ही फसलो. आम्ही पाण्याकडे बघून इंजिन घेतले. इंजिनाकडे बघितलेच नाही.

इंजिनावर नुसता हात ठेवला असता, तरी ते आधीच तापलेले आहे हे कळले असते. आम्ही यायच्या आधी मालकाने ते तासभर चालवून ठेवले होते. इंजिनावर पितळेची पाटी होती. तिच्यावरही रंग मारला होता. तो रंग खरवडावा असे कोणाला वाटले नाही. मालकाने अठराशे सांगितले. दीड हजाराला ठरले. पैसे मोजून दिले. पावती नाही, कागद नाही. मालक म्हणाला, "तुमचा आमचा शब्द." शब्दच तो! आमच्या गाडीत बसला आणि वाटेतच उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन आमच्या विहिरीवर बसवले. नारळ फोडला. दादाने हॅण्डल मारले. इंजिन उठेना. आम्ही मारले, धाकट्याने मारले, तात्यांनी मारले. चाळीस वेळा हॅण्डल मारले तेव्हा ते कसेबसे उठले. एकदा हॅण्डल उलटे फिरले आणि दादाचे मनगट सुजले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. मूठ वळून धरू नये. हॅण्डल उलटले तर हात सुटला पाहिजे, मोडता कामा नये.

इंजिन उठले, पण धूर किती! काळा धूर निघे. मधूनच निळा निघे. डिझेल तर असे पिई, की उन्हाळ्यातल्या म्हशीने पाणी प्यावे. त्यात आणखी एक झाले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देश आणि इस्राएल यांच्यात लढाई जुंपली. कच्चे तेल काही महिन्यांत जवळजवळ चौपट महाग झाले. लढाई कुठे आणि दिंद्रुड कुठे! पण आमच्या डब्यातले डिझेल महागले. निरोगी इंजिनवाल्याला ती महागाई एकपट लागली, आम्हाला दुप्पट.

दादा मालकाकडे जाऊन आला. मालक म्हणाला, "तुम्ही बगून घेतलंय. म्या काय लपवलं?" कागद नव्हता. दादा तसाच परत आला.

मग घरात कुरबुर सुरू झाली. तात्यांना वाटे, दादाने मालकाशी आतून काही ठरवले असेल. दादाला वाटे, तात्या डिझेलचा वाटा बुडवतात. कोणी किती डिझेल आणले, कोणाच्या रानात किती तास पाणी गेले, याची वही नव्हती. ज्याला जे आठवे ते तो बोले. वीस वर्षांचा शेजार, पण बोलणे बंद झाले. एकाच विहिरीवर दोघे तोंड फिरवून उभे राहत.

माघ महिना आला. गहू ओंबीवर आला. आणि विहिरीचे पाणी खाली गेले. इंजिन धडधडे, पण पाणी वर येईना. दादा म्हणाला, "ह्याचा दमच गेला." आम्हालाही तसेच वाटले. पण ते खरे नव्हते. ते इंजिनाच्या दमाचे काम नव्हते.

का, ते सांगतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा भार असतो. पंप नळीतला भार कमी करतो. मग बाहेरचा भार पाण्याला नळीत वर लोटतो. हवेचा हा जोर साधारण ३४ फूट उंच पाणी तोलण्याएवढाच आहे. नळीत पाणी घासते, कुठे थोडी हवा शिरते. म्हणून प्रत्यक्षात २० ते २५ फुटांच्या वर अशा पंपाने पाणी नीट येत नाही. मग इंजिन पाच घोड्याचे असो की पन्नास घोड्याचे.

पाणी खाली गेले, म्हणून आम्ही इंजिन आणि पंप दोन्ही विहिरीत उतरवले. आत अठरा फुटांवर खडकाचा टप्पा होता. त्याच्यावर ठेवले. तेव्हा बरेच जण असे करत. पाणी येऊ लागले. आम्ही खूश झालो. पण इंजिनाचा धूर कुठे जाईल, याचा विचार केला नाही. धूर विहिरीतच कोंडत होता.

तिसरा दिवस. वारा पडला होता. डिझेल संपून इंजिन बंद पडले. धाकटा डब्बा घेऊन उतरायला निघाला. वहिनी भाकरी घेऊन आली होती. तिने विहिरीत वाकून बघितले. म्हणाली, "कमरेला नाडा बांधा, मग उतरा."

धाकटा हसला. "कामून? म्या काय पहिल्यांदा उतरायलोय का?"

वहिनी म्हणाली, "बांधा म्हणते तर बांधा. मोटेचा नाडा नुसता पडून हाय."

त्याने तिचे मन राखायला नाडा बांधला आणि तो उतरला. डब्बा इंजिनापाशी ठेवल्याचा आवाज आला. मग काही आवाज नाही. दादाने हाक मारली. ओ नाही. आम्ही वाकून बघितले, तर धाकटा टप्प्यावर बसला होता. मान खाली पडली होती. मग तो कलंडला.

दादा धावला आणि पायऱ्यांवर पाय टाकला. तेवढ्यात तात्यांनी त्याला मागून कवळ घातली. महिनाभर न बोललेले तात्या ओरडले, "आरं, एकाचे दोन मुडदे करतो का? दोर हाय ना! वढा!"

आम्ही सगळ्यांनी मिळून नाडा ओढला. वहिनीनेही ओढला. धाकट्याला वर काढून मोकळ्या वाऱ्यात निजवले. त्याचा श्वास चालू होता. थोड्या वेळाने तो ओकला. डोके फुटतेय म्हणाला. तात्यांनी गाडी जुंपून आणली. दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी तो घरी आला.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. ते तुम्ही नीट ऐका. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला तांबडा अंश श्वासातला प्राणवायू अंगभर वाहून नेतो. हा विषारी वायू त्या तांबड्या अंशाला चिकटतो. प्राणवायू जितका चिकटतो, त्याच्या दोनशे पटीहून अधिक घट्ट चिकटतो. धान्याच्या गाडीत दगड भरले, तर धान्य कशात न्यायचे? तसे होते. माणसाला आधी डोके जड वाटते, झोप आल्यासारखे वाटते. मग पायातले बळ जाते. आपल्याला काही होते आहे, हे कळेपर्यंत वर चढायची ताकद उरत नाही.

आपले लोक विहिरीत कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर खाली प्राणवायू कमी आहे. मग उतरायचेच नाही. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे समजू नका. हा वायू असला तरी कंदील जळत राहतो. तोंडाला ओले फडके बांधून उतरतात, त्याचाही उपयोग नाही. वायू फडक्यातून आत जातो.

अशा वेळी एक माणूस आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. दुसऱ्याला काढायला तिसरा. एका घरातले दोघे-तिघे असे जातात. तात्यांनी दादाला धरले नसते, तर आमच्या घरी तेच झाले असते.

म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नये. आज आपल्याकडे पाण्यात बुडून चालणारी विजेची मोटर आहे. तिला धूर नाही. पण धुराचे भय गेलेले नाही. लाइट गेली की लोक जनरेटर लावतात. तो बंद खोलीत, दुकानात, घराच्या पडवीत ठेवतात. तिथेही हाच वायू कोंडतो. जनरेटर बाहेर उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून दूर ठेवावा. आणि असा प्रसंग आलाच, तर १०८ नंबरला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून फुकट मिळते. आम्हाला तेव्हा बैलगाडीच होती.

धाकटा घरी आल्यावर दादाने इंजिन वर काढले. माजलगावाहून मिस्त्री आणला. मिस्त्रीने हॅण्डल हळूहळू फिरवले आणि मान हलवली. मग खिशातला पाना काढून पितळी पाटीवरचा रंग खरवडला. आम्हाला म्हणाला, "वाचा."

इंग्रजी आम्हाला येत नव्हते. पण आकडा ओळखता येत होता. पाटीवर ५ होते. साडेसात घोड्याचे म्हणून घेतलेले इंजिन पाच घोड्याचे निघाले. त्याच्या गळ्यात पंप मात्र मोठ्या इंजिनाचा बांधला होता. लहान वासराला नांगराला जुंपावे, तशी गत.

मिस्त्री म्हणाला, "ह्याला रोग तीन हायत." त्याने तिन्ही समजावले. ते कळायला इंजिन कसे चालते हे आधी कळले पाहिजे.

सायकलला पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो. दाबली की हवा तापते. डिझेल इंजिनात हाच गुण वापरला आहे. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला पंधरा-वीस पट दाबतो. हवा अशी तापते, की तिच्यात डिझेलची बारीक फवार सोडली की ती आपोआप पेटते. काडी लावावी लागत नाही. जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाने १८९७ साली असे इंजिन चालवून दाखवले. तेलाला त्याचेच नाव पडले.

आता रोग बघा. पहिला रोग, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. रिंगा झिजल्या की दाब निसटतो. दाब नाही तर ताप नाही. म्हणून थंड इंजिन उठत नव्हते आणि तापलेले उठत होते. त्याच फटीतून ऑइल वर जाऊन जळे. तो निळा धूर. दुसरा रोग, नोझल खराब. डिझेलची फवार होण्याऐवजी थेंब पडत. थेंब पुरता जळत नाही. तो काळा धूर. डिझेल जास्त लागे तेही त्यामुळेच. तिसरा रोग, ताकदीपेक्षा जास्त ओझे. त्यानेही काळाच धूर होतो.

मिस्त्रीने रिंगा आणि नोझल बदलले. पंपाला मोठी पुली बसवली, म्हणजे पंप हळू फिरेल आणि इंजिनावर भार कमी पडेल. पाणी थोडे कमी पडे. पण सकाळी दोन हॅण्डलात इंजिन उठू लागले. धूर दिसेनासा झाला. या दुरुस्तीसाठी दोन शेळ्या विकाव्या लागल्या.

आम्ही इंजिन परत वरच बसवले. पाणी पंपाच्या टप्प्यात असेल तेवढेच घ्यायचे, असे ठरवले. अर्धा गहू वाळून गेला. डोळ्यांदेखत गेला. दादा बांधावर बसून बघत होता. तात्या त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "गहू पुढच्या साली येतो रं." दादाने मान डोलावली. भांडण तिथेच मिटले. बोरमाळ सोडवायला दोन सुगी गेल्या.

तर मंडळी, जुने घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. गरिबाला जुनेच परवडते. पण बघून घ्या.

इंजिन बघायला सकाळी जा आणि न कळवता जा. आधी हात ठेवून बघा. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन खरे बोलते.

पाटीवरचा रंग खरवडा. घोडे किती, फेरे किती, नंबर काय, ते वाचा आणि लिहून घ्या.

हॅण्डल स्वतः हळू फिरवून बघा. दाबाच्या जागी ते अडले पाहिजे. लोण्यातून रवी फिरावी तसे फिरले, तर आत दाब नाही.

ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. बोटांवर चोळल्यावर चमचमणारा कीस दिसला, तर आत लोखंड झिजते आहे.

इंजिन पाण्याच्या भारावर दोन तास चालवा. धूर बघा. काळा, निळा की पांढरा? सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, त्याचे काही नाही. तापल्यावरही येत राहिला, तर मिस्त्रीला विचारा. डिझेल मापून घाला. पाच घोड्याच्या इंजिनाला पुऱ्या भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल लागते. फार जास्त लागले तर समजा, रोग आहे.

ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याची एका दिवसाची मजुरी जड वाटते. आमच्या दोन शेळ्यांपेक्षा ती हलकीच आहे.

शेवटी कागद करा. कोणी विकले, कोणी घेतले, किती रुपये, इंजिनाचा नंबर, तारीख. दोघांच्या सह्या. आणि घरी आणल्यावर वही घाला. किती तास चालले, किती डिझेल घातले, ऑइल कधी बदलले. वाटेकरी असले तर वही पाहिजेच. वही भांडण होऊ देत नाही.

आमच्या घरी ही वही वहिनीने घातली. १९७८ साली देशभर प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर वहिनी रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली. दादा चेष्टा करी. पण पुढे तात्यांचा आणि आमचा हिशोब तीच लिही. दोन्ही घरे तो मानत.

काही वर्षांनी ते इंजिन अगदीच थकले. दुसरे घ्यायचे ठरले. तेही जुनेच. या वेळी वहिनी आमच्याबरोबर आली. मालकाने चहा मागवला. इंजिनाचे गुण सांगू लागला. वहिनी उठली. तिने पदराला हात पुसला आणि इंजिनावर ठेवला. मग मालकाला म्हणाली, "भाऊ, हे तर गरम हाय. आम्ही उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इंजिन उठले नाही. आम्ही ते घेतले नाही. पैसे गाठीला होते, ते गाठीलाच राहिले. पुढच्या महिन्यात चांगले इंजिन मिळाले.

आमचे सांगणे एवढेच. राम राम.